हनोईला जाताय? पहिल्या राईडची तयारी कोल्हापुरातच करून जावा

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या पाच-सहा घरांतनं मला एकच फोन आलाय, "व्हिएतनामला चाललोय, तू जाऊन आलाईस न्हवं, काय काय बघायचं सांग." आता बघायचं काय ते कुणीपण सांगेल, पण मी उलटं विचारतो, विमानतळातनं बाहेर पडल्यावर हॉटेलपर्यंत कसं जाणार आणि हॉटेलसमोरचा रस्ता कसा ओलांडणार? तिथं सगळे गप्प. मग म्हणतात, होईल की, आपण काय ट्रॅफिक बघितलं नाही काय, नवरात्रात महाद्वार रोडवरनं गाडी काढणारी माणसं आपण.

हाच कॉन्फिडन्स नडतो, खरंच सांगतो. हनोईत, म्हणजे व्हिएतनामच्या राजधानीत, ६० लाखांच्या वर दुचाक्या आहेत आणि जुन्या शहरातले रस्ते आपल्या सराफांच्या गुजरी गल्लीएवढे अरुंद. त्या गर्दीत चालायची एक पद्धत ठरलेली आहे आणि ती आपल्या पद्धतीच्या बरोबर उलटी आहे. आपण काय करतो, गाडी आली की थांबतो, फट दिसली की पळतो, मधेच दुसरी आली की दोन पावलं मागं येतो. तिथं हे तिन्ही केलं की माणूस गाडीखाली जातो.

मी दोनदा गेलोय. पहिल्यांदा मित्राबरोबर, काही न ठरवता, आणि दुसऱ्यांदा आई आणि मावशीला घेऊन, सगळं इथंच ठरवून. दोघींपैकी कुणीच त्याआधी देशाबाहेर गेलेलं नव्हतं आणि तरीपण दुसरी ट्रिप पहिल्यापेक्षा कितीतरी निवांत झाली. म्हणून हे लिहितोय, जरा मोठं झालंय पण सगळं वाचा.

घरात बसून करायची कामं

पहिलं काम, ग्रॅब हे टॅक्सी बोलवायचं ॲप. उबरनं २०१८ मध्ये आग्नेय आशियातला सगळा धंदा ग्रॅबला विकला, त्यामुळं तिथं उबर उघडून काही होत नाही. ग्रॅबचं अकाउंट इथंच, आपल्या नंबरवर काढा, कारण ओटीपी येतो आणि तिथं उतरल्यावर आपलं सिम चालू नसलं, रोमिंग नसलं की तो ओटीपी येतच नाही आणि तुम्ही विमानतळाच्या फुकट वायफायवर घाम पुसत बसता. पेमेंट रोख ठेवा, कार्ड जोडायच्या नादाला लागू नका. दुसरं एक ॲप पण टाकून ठेवा, सान एसएम (Xanh SM) म्हणून, त्यांच्या निळसर हिरव्या इलेक्ट्रिक गाड्या २०२३ पासनं हनोईत फिरतायत, गाड्या नव्या आणि आवाज नाही, माझ्या आईला त्याच आवडल्या.

दुसरं काम, हॉटेलचं नाव आणि पत्ता त्यांच्या लिपीत, म्हणजे अक्षरांवरच्या सगळ्या टिंब-टोप्यांसकट, स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि एक प्रिंट पण. टोपी बदलली की शब्द बदलतो, त्यामुळं आपल्या तोंडच्या उच्चारावर ड्रायव्हरला काही कळत नाही, त्यात त्याची काही चूक नाही. पत्त्यात १२/५ असं काही असलं तर गल्ली नंबर १२ मधलं ५ नंबरचं घर असा अर्थ होतो. आणि जुन्या शहरात एकच सरळ रस्ता दर दीडशे-दोनशे मीटरला नाव बदलतो, हांग दाओ म्हणून चालायला लागता आणि हांग न्गांगवर पोचता, वळण कुठंच नाही. आपल्याकडं कुंभार गल्ली, चप्पल लाईन म्हणतात तसंच ते आहे, ज्या मालाची दुकानं त्याचं नाव रस्त्याला, हांग बाक म्हणजे चांदीचा माल, म्हणजे त्यांची गुजरीच म्हणा की. हे कळलं की ते शहर थोडं ओळखीचं वाटायला लागतं.

ऑफलाईन मॅप पण डाउनलोड करून ठेवा, नेट गेलं तरी आपण कुठं आहे ते कळत राहतं.

तिसरं काम नोटांचं आणि याच्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण इथं माझे पैसे गेलेत.

पहिल्या ट्रिपला आम्ही कोल्हापुरातनं रात्रीच्या गाडीनं मुंबई, दिवसभर मुंबईत, मग रात्रीचं विमान, असे दोन रात्री न झोपता पहाटे उतरलो. बाहेर पडतोय तोवर एकजण लॅमिनेट केलेलं कार्ड घेऊन आला, टॅक्सी टॅक्सी, हॉटेलचं नाव सांगा, फिक्स रेट. आम्ही गेलो त्याच्या मागनं. उतरताना मी त्याला ५ लाख डोंगची नोट दिली (डोंग म्हणजे तिथलं चलन), तो क्षणभर वळला आणि माझ्यासमोर २० हजाराची नोट धरून म्हणतोय, हे काय दिलंस? दोन्ही नोटा निळ्या, दोन्हीवर हो ची मिन्ह यांचंच चित्र, झोप नाही, मला माझीच चूक वाटली आणि मी आणखी ५ लाख काढून दिले. खोलीत जाऊन पैसे मोजले तेव्हा कळलं. साधारण सोळा-सतराशे रुपये गेले, पण त्याच्यापेक्षा त्या शहराबद्दल मनात जी अढी बसली ती जायला दोन दिवस गेले आणि ते दोन दिवस वाया गेले याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण पुढं भेटलेली माणसं फार चांगली होती.

तर आता हिशोब असा. एका रुपयाला साधारण ३०० डोंग धरा, रेट वरखाली होतो पण रस्त्यावर एवढं पुरतं. तोंडी हिशोब करायला शेवटचे तीन शून्य खोडायचे आणि उरलेल्याला ३.३ नं गुणायचं, म्हणजे ३,००,००० डोंग झाले ३०० गुणिले ३.३, जवळपास हजार रुपये. तिथले लोकपण बोलताना तीन शून्य सोडूनच देतात, पन्नास म्हणाला म्हणजे पन्नास हजार. नोटा हातात आल्या की लगेच दोन वेगळ्या खिशात टाका, १ लाख, २ लाख, ५ लाखवाल्या आतल्या खिशात आणि ५० हजारापर्यंतच्या बाहेरच्या. २० हजार आणि ५ लाख या दोन नोटा कधीही एकत्र ठेवायच्या नाहीत. आणि देताना नोट सपाट धरून आकडा मोठ्यानं बोलायचा, त्याच्या डोळ्यासमोर. मावशी तर मराठीतच बोलायची, "हे घ्या पाच लाख," आणि काम व्हायचं.

रस्ता ओलांडायची प्रॅक्टिस

आईला घेऊन जायचं ठरल्यावर मला याचीच काळजी होती, तिचा गुडघा दुखतो, पळता येत नाही. पण पळायचंच नसतंय हे लक्षात आलं आणि मी म्हटलं हे आपण गल्लीतच करून बघू. मंगळवार पेठेत आमच्या गल्लीत संध्याकाळी गाड्या कमी असतात, तिथं भाच्यांना आणि त्यांच्या दोस्तांना सायकली घेऊन बोलावलं, सात-आठ पोरं. त्यांना सांगितलं एकामागोमाग एक येत राहायचं, थांबायचं नाही, आज्जी जिथं असतील तिथनं पुढून नाहीतर मागून काढायची. आणि आई-मावशीला सांगितलं, हात धरा, एका चालीनं चाला, काही झालं तरी चाल बदलायची नाही.

पहिल्या दोन वेळेला आई मधेच थांबली आणि एका पोराची सायकल तिच्या चपलेला घासली. तेव्हाच तिच्या लक्षात आलं की पोरगं तिच्या पुढच्या पावलाचा अंदाज घेऊन सायकल वळवत होतं आणि तिनं पाऊलच टाकलं नाही. मला समजावून सांगायची गरजच पडली नाही. आठ दिवस रोज दहा मिनिटं केलं, शेजारच्या काकूपण येऊन उभ्या राहायच्या बघायला.

हनोईत नेमकं हेच चालतं. गाडीवाला तुमच्याकडं बघत नसतो, तुम्ही दोन सेकंदानं कुठं असाल ते बघत असतो. तुम्ही एकसारखे चालत राहिलात तर तो आपोआप बाजूनं जातो. हळू चाला, एकसारखं चाला, थांबू नका, मागं येऊ नका, पळू नका. हात कमरेच्या उंचीला जरा पुढं धरला तर चांगलं. मोबाईल खिशात.

पण हे दुचाकीसाठी, बस आणि ट्रकसाठी नाही हे डोक्यात पक्कं करा. मोठी गाडी तुमच्यासाठी वळू शकत नाही, ती दिसली की फूटपाथवरच थांबा, ती गेली की उतरा. फक्त दुचाक्या येतायत असं दिसलं की मगच पाऊल टाकायचं.

आणि ट्रॅफिक तिथं उजव्या बाजूनं चालतं. म्हणजे रस्त्यावर उतरताना गाड्या डावीकडनं येणार. आपली मान आयुष्यभर आधी उजवीकडं वळलेली असते, ती सवय मोडायला वेळ लागतो, म्हणून गल्लीत पोरांना पण डावीकडनंच यायला सांगितलं होतं. मधली रेघ ओलांडली की मग उजवीकडनं. तरीपण दोन्हीकडं बघायचंच, कारण उलट्या दिशेनं येणारे तिथंपण आहेत आणि फूटपाथवरनं गाडी घालणारे तर लई.

तिघं-चौघं असाल तर एकामागोमाग एक रांग करू नका. गाड्या ज्या बाजूनं येतायत त्या बाजूला घरातला धीट माणूस, त्याच्या आडोशाला बाकीचे, आणि सगळे एका वेळी पाऊल टाका, म्हणजे गाडीवाल्याला एकच माणूस चुकवायचा असतो. रस्त्याच्या मध्यावर बाजू बदलते तेव्हा दुसऱ्या टोकाला पण एक धीट माणूस हवा. आमच्यात तो मावशी झाली, मला अपेक्षा नव्हती.

उतरल्यावर

विमान उतरलं की घाई करू नका. घड्याळ दीड तास पुढं करा, पाणी प्या, बाथरूमला जाऊन या, वीस मिनिटं बसा. दमलेल्या माणसालाच गाठतात. तिथंच सिम घ्या, थोडे पैसे बदलून घ्या आणि छोट्या नोटा मागून घ्या. तुमच्याकडं स्वतःहून जो कुणी टॅक्सी विचारत येईल त्याला मान हलवून "खोंग" म्हणायचं, म्हणजे नको, आणि चालत राहायचं. हुज्जत घालायची नाही, हसायचं पण नाही, उत्तर दिलं की तो चिकटतो.

नोई बाई विमानतळ शहरापासनं जवळपास ३० किलोमीटर लांब आहे. मी गेलो तेव्हा ॲपच्या गाडीला अडीच ते साडेतीन लाख डोंग पडायचे, वेळेवर आणि पावसावर कमीजास्त. गाडी बुक झाली की नंबरप्लेट अक्षर न् अक्षर जुळवून बघा, तुमचं नाव घेऊन कुणी पण गाडीकडं ओढत असला तरी. तुम्ही कुठल्या नंबरच्या खांबापाशी उभे आहात ते चॅटमध्ये टाका, भाषांतर ॲपच करतं, फोन आला तर उचलून काही उपयोग नाही.

दोघंच असाल आणि सामान थोडं असेल तर ८६ नंबरची केशरी बस आहे, ती जुन्या शहराच्या कडेनं जाऊन हनोई रेल्वे स्टेशनला थांबते, मी दिले तेव्हा तिकीट ४५,००० डोंग होतं म्हणजे दीडशे रुपये. रात्री उशिरा ती नसते. केएमटीत, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सिटी बसमध्ये, उभ्यानं प्रवास केलेल्याला ती बस म्हणजे सुखच आहे, पण म्हाताऱ्या माणसांबरोबर टॅक्सीच करा.

एक महत्त्वाचं, शुक्रवारी संध्याकाळपासनं रविवारी रात्रीपर्यंत होआन कीएम तळ्याभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद असतात, फक्त चालत. हॉटेल त्या भागात असेल आणि तुम्ही शनिवारी संध्याकाळी पोचत असाल तर टॅक्सी लांबच सोडणार, ड्रायव्हर फसवत नाहीये. हॉटेलला आधी मेसेज करून विचारा की गाडी कुठपर्यंत येते. रंकाळ्याच्या बाजूला विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असतात तेव्हा बाहेरगावच्या पाहुण्याला आपण कसं आधीच सांगून ठेवतो, तसंच.

गाडीत बसताना तुम्ही सवयीनं पुढच्या डाव्या दाराला जाणार, तिथं ड्रायव्हर बसलेला असतो. ठीक आहे, सगळ्यांचं होतं. खरी काळजी उतरताना घ्यायची. फूटपाथ उजवीकडं असतो, म्हणून उतरायचं फक्त उजव्या दारानं. डावं दार उघडलं की मागनं येणारी दुचाकी थेट दारावर. लहान पोरं असतील तर त्यांना मधे किंवा उजवीकडं बसवा आणि डाव्या दाराला हात लावायचा नाही हे बसतानाच सांगा.

रस्त्यात न्यात तानचा पूल लागतो, लाल नदीवरचा, पाच मोठे खांब आणि तारांनी धरलेला, २०१५ च्या जानेवारीत सुरू झालेला. तोपर्यंत रस्ता एकदम मोकळा असतो आणि तुम्हाला वाटतं, एवढं काय सांगत होता हा. पुलावरनं खाली उतरलं की सगळं बदलतं. दोन्ही बाजूंनी गाड्या, फ्रीज घेऊन चाललेली दुचाकी, कुंड्यांसकट झाडं बांधून चाललेली दुचाकी, आणि हॉर्न. हॉर्नचं सांगतो, तिथं तो रागाचा नसतो. मी आहे, मी बाजूनं येतोय, एवढाच अर्थ. आपल्याकडं मागनं हॉर्न वाजला की आपण वळून बघतो, एखादा शब्द पण टाकतो, तिथं कुणी वळून बघत नाही. तुमच्या ड्रायव्हरनं चौकात गाडी न थांबवता हळूहळू गर्दीत घातली तरी ओरडू नका, "अरे अरे" म्हणून त्याच्या खांद्याला हात लावू नका. आमच्या पहिल्या चौकात आईनं डोळे मिटून अंबाबाईचं नाव घेतलं, तिसऱ्या चौकात डोळे उघडून बघायला लागली, आणि हॉटेल आलं तेव्हा म्हणाली, "कुणी कुणाला शिव्या दिल्या नाहीत रे."

दुचाकीच्या मागं बसायचं असेल तर

दुचाकी टॅक्सीला तिकडं से ओम म्हणतात, ओम म्हणजे मिठी मारणं, मागं बसणाऱ्यानं धरून बसायचं म्हणून. जुन्या शहरात गर्दीच्या वेळेला, म्हणजे सकाळी सात ते साडेआठ आणि संध्याकाळी पाच ते सात, हीच लवकर पोचवते. पण पहिल्या दिवशी नको. एक दिवस पायी फिरा, डोळ्यांना सवय होऊ दे, मग बसा.

हेल्मेट ड्रायव्हर देतो, मागच्यालापण २००७ पासनं सक्तीचं आहे, पट्टा लावून खाली ओढून बघा, ढिलं असेल तर त्याला दाखवा. गुडघे आत, गाडीला चिकटून, कारण दोन हँडलमध्ये चार बोटांचं अंतर असतं. सॅक पुढं घ्या. उतरताना डाव्या बाजूनंच, उजवीकडं सायलेन्सर असतो आणि हाफ पँटवर पोटरी भाजून घेतलेली परदेशी माणसं मी तिथं बघितलीत. बायकांनी साडी आणि ओढणी त्या दिवशी बॅगेत ठेवा, एका अंगावर बसू नका. वेग जास्त वाटला तर "चम थोय" म्हणा, म्हणजे हळू हो, मी म्हटलंय आणि ड्रायव्हर हसून खरंच हळू झालाय. उतरल्यावर "काम अन", धन्यवाद.

स्वतः गाडी भाड्यानं घ्यायचा मोह आपल्या पोरांना फार होतो. नका घेऊ. आपल्या आरटीओतनं मिळणारं इंटरनॅशनल परमिट १९४९ च्या करारातलं असतं आणि व्हिएतनाम १९६८ च्या करारातलं मानतो, म्हणजे कागदावर तुम्ही विनालायसन्स. भाड्यानं देणारा काही विचारत नाही, पण अपघात झाला की इन्शुरन्सवाला पहिलं तेच विचारतो. आणि तिथं २०२० पासनं दारू पिऊन गाडी म्हणजे एक घोटपण चालत नाही, शून्य म्हणजे शून्य.

सवय झाली की शेवटच्या दिवसासाठी एक जागा सांगतो, लाँग बिएन पूल, फ्रेंचांनी बांधलेला, शंभर वर्षांपेक्षा जुना, मधनं रेल्वे आणि दोन्ही कडेनं दुचाक्या. अख्ख्या शहरात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात आणि या एका पुलावर डाव्या बाजूनं, आपल्यासारख्या. आम्ही संध्याकाळी से ओमनं त्याच्यावरनं गेलो, खाली लाल नदी, समोरनं कामावरनं घरी चाललेली माणसं, भाजीच्या पाट्या, आणि मला शिवाजी पुलावरनं पंचगंगा ओलांडताना होतं तसंच झालं एकदम.

आता परत आल्यावरचं एक, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मान तिथली सवय घेऊन येते. आम्ही आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी गंगावेशीत दूध प्यायला गेलो होतो, मावशीनं आधी डावीकडं बघितलं आणि त्याच संथ चालीनं रस्त्यावर उतरली, उजवीकडनं केएमटी येत होती, मी दंडाला धरून मागं ओढली. तेव्हा पहिले तीन-चार दिवस घरातल्या मोठ्यांचा हात धरूनच रस्ता ओलांडा, आणि आधी उजवीकडं.